पाणी सगळ्यांचं एकदम संपत नाही

२०१६ च्या एप्रिलमधे मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते बऱ्याच जणांना आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा टँकर डबे, एकेका डब्यात पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर, आणि पुढं मग पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली. चांगलंच झालं, तहानलेल्याला पाणी दिलं त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण त्याच उन्हाळ्यात आमच्याच सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात गावोगावी टँकर फिरत होते, आणि मिरजेपासून जत शंभर किलोमीटरच्या आत आहे, लातूर साडेतीनशेच्या आसपास. आता कुणी म्हणेल की बघा आमचं पाणी बाहेर घालवलं आणि आमची माणसं कोरडी, तर माझं म्हणणं ते अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की एकाच जिल्ह्यात, एकाच उन्हाळ्यात नदीकाठचा ऊस हिरवागार उभा होता, पूर्व भागातल्या द्राक्षबागा विकतच्या टँकरवर जगवल्या जात होत्या आणि बायका हंडा घेऊन रांगेत होत्या. पाणी संपलं असं आपण म्हणतो तेव्हा ते सगळ्यांचं एकदम संपलेलं नसतं. आधी कुणाचं संपतं आणि सगळ्यात शेवटी कुणाचं, ह्या नंबरातच निम्मी विषमता लपलेली असते.

अर्थशास्त्रात एक जुनी मांडणी आहे, सायमन कुझनेट्सनी १९५५ साली केलेली, की देश श्रीमंत व्हायला लागला की सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढं जाऊन कमी होते. म्हणजे थोडा दम धरा, आधी केक मोठा होऊ दे मग वाटू. हे ऐकायला बरं वाटतं आणि काही देशांत काही काळ तसं झालंही. पण ह्यात एक गृहीत धरलेलं असतं की केकचं सामान संपणार नाहीये. आमच्याकडं सामान म्हणजे पाणी, आणि ते संपतंय, मग आधी वाढ आणि नंतर वाटप ह्यातलं नंतर कधी येणार? वाटायची वेळ येईपर्यंत वाटायचं तेच खाली गेलेलं असतं, पाचशे फूट, सातशे फूट.

बोअरचंच बघा. बोअर मारायची तामिळनाडू पासिंगची गाडी रात्रीची येते, आधी पाणाड्या, म्हणजे पाणी कुठं लागेल ते सांगणारा, तळहातावर नारळ आडवा धरून रान फिरून जातो आणि नारळ उभा राहिला की तिथं खडू नाहीतर चुना टाकतो (विज्ञानवाले हसतील पण बारा एकरवाला इंजिनियर पोरगासुद्धा पाणाड्याला बोलावतोच, उगाच रिस्क कशाला). मग रात्रभर तो घरघराट, पांढरा भुकटा अख्ख्या शिवारात, शेजारच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यावर. पैसे फुटावर असतात, पाणी लागो न लागो, आणि खोल जाईल तसा फुटाचा रेट चढत जातो, केसिंगचे वेगळेच. आता आपल्याकडं खाली सगळा काळा पत्थर, पंजाबसारखा गाळाचा थर नाही की खाली पाणी भरून राहिलंय, इथं जे काय असतं ते मुरमात, खडकाच्या भेगेत, दोन थरांच्या मधल्या सांध्यात. त्यामुळं शेजारी सहाशेवर गेला की तुमची पन्नास फुटाची विहीर दिवाळीनंतर कधी आटली ते कळतसुद्धा नाही, कारण भेग एकच असते आणि तिच्यात ज्याचा पाइप खाली त्याचं पाणी. ज्याच्याकडं पैसा आहे तो दोन फेल गेल्या तर तिसरी मारतो. ज्याच्याकडं नाही तो बायकोचं सोनं ठेवून एक मारतो, ती फेल गेली की विषय संपला, पुढची दहा वर्षं तो त्या भोकाचे हप्ते भरत बसतो.

२००९ चा भूजल कायदा आहे राज्याचा, ६० मीटरच्या खाली गेलेल्या विहिरीला त्यात खोल विहीर म्हटलंय आणि अधिसूचित भागात तिला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडं दोनशे फुटावर थांबलेल्या माणसाला लोक विचारतात पैसे संपले का.

आणि गंमत अशी की ह्या सगळ्याची बेरीज वाढीतच होते. बोअर मारली, वाढ. मोटर विकली, केबल विकली, वाढ. टँकरनं पाणी विकलं तर तीही वाढ, आणि जे पाणी विहिरीत फुकट होतं ते आटल्यावर विकत घ्यावं लागलं की अर्थव्यवस्था मोठी झाली म्हणायची. विहीर आटल्याचं मात्र कुठल्याच वहीत वजा होत नाही. जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं म्हणून भाषण होतं ते खोटं नसतं, फक्त त्यात जमेची बाजू एकाची असते आणि वजाबाकी दुसऱ्याच्या घरात झालेली असते.

द्राक्षाचा पट्टा ह्याचं चांगलं उदाहरण आहे, तासगाव, मिरजेची पूर्व बाजू, कवठेमहांकाळ, पलूस. मी द्राक्षवाल्यांच्या विरोधात नाही, उलट कोरडवाहू माळावर खडक फोडून, माती भरून बाग उभी करणं हे ह्या लोकांनी करून दाखवलं, सरकारनी नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, कात्रीनं मणी विरळ करायचं थिनिंग, एक अवकाळी आला की दावणी रोग आणि सगळा खेळ खलास. तासगावचा बेदाणा देशभर जातो. पण बागेत घडाला कात्री लावणारी बाई कुठून येते ते बघा. बऱ्याचदा तिचंही दीड-दोन एकर असतं, विहीर असते, पाणी नसतं. तिची विहीर आटली म्हणून ती मजुरीला आली, आणि ती आटायचं एक कारण ज्या बागेत ती मजुरीला आली त्या बागेची बोअर. दिवसभर ड्रिपच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी बघायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन टँकर आला होता का गं म्हणून शेजारणीला विचारायचं. तिला रोजगार मिळाला हे खरंच आहे आणि रोज वाढलाय हेही खरंय, पण कालपर्यंत ती मालकीण होती, आज उक्त्या टोळीत आहे. उत्पन्नाच्या सर्व्हेत ती कदाचित वर गेलेली दिसेल. मालमत्तेच्या हिशेबात ती खाली आलीय.

जतचा माणूस तर ह्याच्याही पुढं. पाणी त्याच्याकडं येत नाही म्हणून तो पाण्याकडं जातो, कोयता घेऊन, कारखान्याच्या टोळीत. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई जतच्या गावांवर दावा करून बोलले तेव्हा मुंबई-पुण्यात सगळ्यांची अस्मिता जागी झाली, पण त्या गावांनी आधी ठराव केले होते ते भाषेसाठी नव्हते, पाण्यासाठी होते. आणि बघा, मग कृष्णेचं पाणी उचलून जतकडं न्यायच्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली पटापट हलल्या.

आता काही जण म्हणतील की उपाय सोपाय, टेक्नॉलॉजी. ठिबक करा, पाणी वाचेल. ठिबकनं पाणी वाचतं ह्यात वाद नाही, एकरी वाचतं. पण वाचलेलं पाणी जातं कुठं? दोन एकर पाटानं भिजत होतं तिथं ठिबकवर चार एकर भिजायला लागतं, म्हणजे जमिनीतून उपसा तेवढाच, कधी जास्तच. जेव्हन्स नावाच्या इंग्रज माणसानी १८६५ मधे कोळशाबद्दल हेच सांगितलं होतं, की इंजिन सुधारलं की कोळसा कमी लागत नाही, जास्त लागतो, कारण स्वस्त पडतं म्हणून लोक वापर वाढवतात. आणि ज्याच्याकडं वाढवायला जास्तीचं रान आहे तोच वाढवणार ना, दीड एकरवाला काय वाढवणार.

सरकारनं काही केलंच नाही असंही नाही म्हणता येत. रोजगार हमी ही अख्ख्या देशाला दिलेली कल्पना, तिचा पहिला प्रयोग आमच्या तासगाव भागात झाला, ही कल्पना मांडणारे वि. स. पागे तिथल्या विसापूरचे. ७२ च्या दुष्काळात ह्याच कामांनी लाखो लोक जगवले, त्याला तोड नाही. पण एक गोष्ट तेव्हाही राहून गेली. भूमिहीन माणसानं, बायकांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव झाला, आणि त्याचं पाणी मुरून कुणाच्या विहिरीला गेलं तर तलावाच्या खाली ज्याचं रान होतं त्याच्या. ज्यानं घमेलं उचललं त्याला रोज मिळाला, धान्य मिळालं, आणि काम संपल्यावर तो परत होता तिथंच. खालच्या रानवाल्याला मात्र कायमची बागायत मिळाली, एक रुपया न घालता. ह्यात कुणाची लबाडी नव्हती, नियमच तसा आहे की पाणी जमिनीच्या मागं जातं. जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि जमीन जास्त त्याला पाणी जास्त. हा नियम एवढा अंगवळणी पडलाय की तो नियम आहे, निसर्ग नाही, हेसुद्धा कुणाच्या डोक्यात येत नाही.

उपसा सिंचनाचं तसंच. ताकारी, म्हैसाळ, टेंभू, ह्या योजनांनी पूर्व भागाचं रूप पालटलं, ज्यानी वीस वर्षापूर्वीचा आटपाडी-खानापूरचा रस्ता बघितलाय त्याला सांगायची गरज नाही. टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत पार माण, सांगोल्यापर्यंत न्यायचं, साधं काम नाही. त्याचं वीजबिल एवढं होतं की लोकांना परवडेना, थकबाकी झाली, पंप बंद पडायला लागले, मग सरकारनं ८१ टक्के आपण आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असा हिशेब ठरवला. ठीक आहे, दुष्काळी भागाला मदत झालीच पाहिजे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण ते ८१ टक्के कुणाचे? सगळ्यांच्या टॅक्सचे, त्यात ती कात्रीवाली बाईपण आली, ती पण साबण-बिस्किटावर टॅक्स भरतेच. आणि मिळतात कुणाला, तर ज्याचं रान लाभक्षेत्रात आहे त्याला, एकराच्या हिशेबात. वीस एकरवाल्याला दोन एकरवाल्याच्या दहापट. वर परत त्या पाण्यावर ऊस लावला की अजून मजा. कृषी मूल्य आयोगानं मागं एका अहवालात म्हटलं होतं की महाराष्ट्रात पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांपेक्षा कमी भागात ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी तो घेतो.

(इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोयना धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं ६७ टीएमसीच्या आसपास पाणी वीज करायला पश्चिमेकडं सोडलं जातं, तिकडून ते समुद्राला. म्हणजे नदीचं पाणी एका बाजूला डोंगरावरून खाली सोडून वीज करायची, आणि दुसऱ्या बाजूला त्याच खोऱ्यातलं पाणी वीज खर्चून डोंगरावर चढवायचं. आणि ज्यांची गावं धरणात गेली त्यातल्या काहींचं पुनर्वसन अजून पूर्ण झालं नाही, साठ वर्षं होऊन गेली. वीज मुंबईला, पाणी समुद्राला, फाइल मंत्रालयाला.)

पुण्यात बसून ऊस बंद करा म्हणणारे असतात, त्यांचंही मला पटत नाही. शेतकरी ऊस लावतो कारण ह्या एकाच पिकाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच लागणारा सरकारनं ठरवलेला दर, गाडी फडात येऊन माल उचलते, गारपीट झाली तरी निदान बुडखा राहतो. तूर-हरभरा लावून बाजारात दर पडल्यावर तुम्ही येणार आहात का घ्यायला? आणि नदीकाठचं ऊसवालं सगळं सुखात आहे असंही नाही, वाळवा, पलूस, मिरज भागात जादा पाण्यानं चांगली काळी जमीन क्षारपड होऊन पांढरी पडलीय, त्यातसुद्धा दहा एकरवाला निचऱ्याचे पाइप गाडून जमीन सुधारून घेतो आणि वीस गुंठेवाल्याचं पाणी काढायला शेजारी वाट देत नाही म्हणून त्याचं रान पडूनच. इकडं पाणी नसल्यानं गरीब बुडतो, तिकडं पाणी जास्त झाल्यानं तोच बुडतो.

वाढीनं गरिबाचं काहीच भलं झालं नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. विट्या-खानापूरकडची पोरं पिढ्यान्पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली, केरळ, तामिळनाडू, बंगाल, कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत जा आणि भट्टीवर बसलेल्या माणसाशी मराठीत बोला, बऱ्याचदा उत्तर मराठीतच येतं. दुष्काळानं त्यांना हाकललं आणि देशातल्या वाढीनं त्यांना पोटाला दिलं, बंगले झाले, पोरं शिकली. पण तो पैसा गावाला परत आला तेव्हा त्यानं काय केलं तर जमीन घेतली आणि बोअर मारली, म्हणजे जो जाऊ शकला नाही, ज्याचा कुणी मामा-चुलता भट्टीवर नव्हता, त्याची विहीर आणखी खाली. आता ह्यात गलाईवाल्याला व्हिलन कसं करणार, तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. माणसं वाईट नाहीत, शर्यत वाईट आहे, ज्या शर्यतीत जो आधी आणि खोल पोचेल तो मालक, अशी.

आणि जो ह्या शर्यतीत उतरलाच नाही त्याचं तर नावच येत नाही. माळरानं होती, पवनचक्क्या आल्या, बागा आल्या, तारेची कुंपणं आली, आणि माडग्याळी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाला चरायला कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. माळ पडीक होता म्हणे. पडीक कुणासाठी?

ह्याला पर्याय नाही असं वाटत असेल तर खानापूर तालुक्यातलं बलवडी आणि तांदुळवाडी बघा. १९८२ चा गिरणी संप झाला, मुंबईतनं पोरं गावाला परत आली, इकडं दुष्काळ, येरळा कोरडी आणि त्या कोरड्या नदीतनं ठेकेदाराचे वाळूचे ट्रक भरून चाललेले. वाळू म्हणजे नदीतली पाण्याची टाकीच असते, पाऊस थांबल्यावर वाळूत धरून ठेवलेलं पाणी काठच्या विहिरींना महिनोन् महिने पुरतं, वाळू गेली की विहिरी गेल्या. शहरात बिल्डिंगी उभ्या राहिल्या ती वाढ, आणि इथं विहिरी आटल्या ते नशीब! त्या लोकांनी प्रश्न उलटा केला. वाळू आमची असेल तर थोडीशी आम्हीच विकतो आणि त्या पैशातनं धरण बांधतो म्हणाले, भांडले, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, आणि बळीराजा धरण झालं. धरण छोटंच आहे, टीएमसी वगैरेची भाषा तिथं चालत नाही. पण त्याचा नियम मोठा आहे: पाण्याचा वाटा घरटी, जमीन किती ते बघून नाही, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, त्यानं पाहिजे तर आपलं पाणी घेऊन दुसऱ्याचं रान वाट्यानं करावं.

ह्या एका नियमानं काय होतं ते नीट बघितलं पाहिजे. भूमिहीन माणूस बोलणी करायला बसतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असतं. रान तुझं, पाणी माझं, आता बोल वाटा किती. नुसत्या मजुराला हे बोलता येत नाही. आणि प्रत्येकाचा वाटा ठरलेला असला की चोरून जादा घेणाऱ्यावर नजर ठेवायला तलाठी लागत नाही, गावच ठेवतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण ह्याच अभ्यासासाठी, की सामायिक गोष्ट लोक ओरबाडूनच संपवतात असं काही नाही, नियम लोकांनी स्वतः केले आणि राखण स्वतः केली तर ती टिकते.

नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख ह्या नेत्यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, हजारो माणसं जमायची, आणि मागणी नुसती पाणी द्या अशी नव्हती, समान पाणी द्या अशी होती. त्यातला पाणी द्या हा भाग आता बऱ्यापैकी पूर्ण झालाय. समान हा शब्द मात्र फ्लेक्सवर दिसत नाही, फ्लेक्सवर जलपूजन असतं, जलनायक असतात, आणि फोटोत पाण्यापेक्षा पुढारी जास्त असतात.

लोक विचारतात की हे गावापुरतं ठीक आहे हो, पण अख्ख्या टेंभूला कसं जमणार, आणि ज्याचं रान जास्त तो ऐकेल का. ऐकणार नाही, सरळच आहे, कोण ऐकतं. पण त्याचं रान काढून घ्या असं कुणी म्हणतच नाहीये. ८१ टक्के बिल सगळ्या जनतेनं भरायचं असेल तर तेवढ्या पाण्यावर जनतेची अट असायला काय हरकत आहे? एका घराला ठराविक पाणी सवलतीत, त्यात भूमिहीन घरही मोजायचं, आणि त्याच्या वर ज्याला लागेल त्यानं पूर्ण बिल भरून घ्यावं, हौसेनं ऊस लावावा. बोअरचंही गावानं बसून ठरवावं, चार-पाच घरात मिळून एक, वेगवेगळ्या चाळण्या पाडण्यापेक्षा. वीस एकरवाल्यालाही ह्यात फायदा आहे, कारण शेजारी सगळे थांबले तर त्यालाही आठशेवर जावं लागणार नाही, पण हे त्याला एकट्याला पटवून उपयोग नाही, सगळ्यांना एकदम बांधणारा नियम लागतो.

टेक्निकल अडचण पण आता राहिली नाही. टेंभूचं आटपाडीकडचं वाटप उघड्या पाटांऐवजी बंदिस्त पाइपनं करायचं ठरलं, ती मागणी चळवळीचीच होती, आणि पाइपला व्हॉल्व्ह असतो, मीटर बसतो, कुणाला किती गेलं ते कळतं. पाट होता तेव्हा डोक्यावरचा आणि शेपटाचा हे भांडण होतं, शेपटाला पाणी पोचायचंच नाही. पाइपनं ते मिटू शकतं. पण पाइप कुणाच्या नावानं टाकायचा, सातबाऱ्याच्या की रेशनकार्डाच्या, हे काही पाइप ठरवत नाही. विस्तारित योजनांची कामं आत्ता चाललीत, आउटलेट कुठं काढायचे त्याचे नकाशे कुणाच्या तरी टेबलावर आहेत, आणि एकदा चारी बुजवून वर बागा लागल्या की पुढची पन्नास वर्षं त्यात बदल करायला कुणी हात घालणार नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायचा तर तो आत्ताच घ्यायला लागेल, आणि ग्रामसभेला त्या कात्रीवाल्या बाईला यायला जमेल अशा वेळेला घ्यायला लागेल, दुपारी बाराला नाही.